श्वासाची तालीम

कांद्याच्या हंगामात देवळ्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांची रांग लागते. गिरणेच्या खोऱ्यातील हा मुलूख कष्टाळू माणसांचा. पूर्वी कळवण तालुक्यात असलेले आणि पुढे स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झालेले हे गाव. येथील ज्या पिढीने मोटेचे पाणी पाहिले, विहिरी खणल्या, गोण्या पाठीवर वाहिल्या आणि चाळीत कांदा भरला, ती पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. त्या पिढीतला एखादा आजोबा एके दिवशी घराच्या तीन पायऱ्या चढताना मध्येच थांबतो. रात्री एका उशीवर त्याला झोप लागत नाही, दोन उशा लागतात, मग तीन. संध्याकाळी पायांवर सूज दिसू लागते. घरातील माणसे म्हणतात, ‘वय झाले.’ डॉक्टर तपासून सांगतात, ‘हृदय कमजोर झाले आहे, पंपिंग कमी आहे.’ आणि घरी परतल्यावर सून मायेने म्हणते, ‘बाबा, आता तुम्ही काही करायचे नाही. नुसते पडून राहायचे.’

या मायेच्या सल्ल्याविषयी हा लेख आहे. हा सल्ला एकेकाळी जगातील नामवंत हृदयतज्ज्ञही देत असत. तो चुकीचा आहे, हे कळायला वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाचा बराच मोठा भाग खर्च करावा लागला. या इतिहासाची काही पाने परदेशातील प्रयोगशाळांत लिहिली गेली, तर काही पाने आपल्याच महाराष्ट्रात, अमळनेर, लोणावळा आणि परळ येथे. ती सगळी पाने एकत्र लावून वाचली म्हणजे थकलेल्या हृदयाच्या म्हाताऱ्या माणसाला श्वासाच्या स्नायूंची तालीम का द्यावी, हे उमगते.

प्रथम ‘हार्ट फेल्युअर’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. ‘फेल’ हा शब्द ऐकताच आपल्याकडे माणसे हादरतात. हृदय बंद पडले असे त्यांना वाटते. वस्तुतः हृदय चालू असते. शरीराच्या गरजेपुरते रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती मात्र उणावलेली असते. त्यामुळे रक्त मागे साचते, फुप्फुसांत पाणी धरू लागते आणि धाप लागते. आपल्या देशात हा विकार पाश्चात्त्य देशांच्या मानाने लवकरच्या वयात गाठतो. २०१३ साली तिरुअनंतपुरम येथे अशा १,२०५ रुग्णांची पद्धतशीर नोंद झाली, तेव्हा त्यांचे सरासरी वय सुमारे ६१ वर्षे भरले आणि बहुसंख्यांच्या बाबतीत मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार हेच निघाले.

विश्रांतीचे युग

१७८५ साली इंग्लंडमधील डॉ. विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लव्ह या वनस्पतीच्या पानांचा उपयोग सूज आलेल्या रुग्णांवर कसा होतो, ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढची दीडशेहून अधिक वर्षे हे औषध आणि विश्रांती हेच दुर्बल हृदयाचे दोन मोठे आधार राहिले. १९१२ साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी हृदयविकाराच्या झटक्याचे उत्तम वर्णन केले. त्यानंतरच्या काळात झटका आलेल्या रुग्णाला सहा-सहा आठवडे अंथरुणात निजवून ठेवण्याचा परिपाठ पडला. कित्येकांना स्वतःच्या हाताने जेवण्याचीही मनाई असे. जखमी स्नायूला विसावा द्यावा, हा त्यामागचा तर्क सरळ आणि दयाळू होता.

पण दया आणि सत्य नेहमीच एका वाटेने चालतात असे नाही. १९५२ साली बॉस्टनचे डॉ. सॅम्युएल लेव्हिन आणि त्यांचे तरुण सहकारी डॉ. बर्नार्ड लाउन यांनी झटका आलेल्या रुग्णांना बिछान्यातून उठवून आरामखुर्चीत बसवण्यास प्रारंभ केला. आजच्या दृष्टीने हे पाऊल किती छोटे! परंतु त्या काळी ते दुःसाहस मानले गेले. रुग्ण दगावतील अशी भीती होती; ते दगावले नाहीत, उलट त्यांना अधिक हुशारी वाटू लागली. तरीही कायमच्या दुर्बल हृदयाच्या बाबतीत विश्रांतीचा आग्रह पुढे बराच काळ टिकला. न्यू ऑर्लिन्सचे डॉ. जॉर्ज बर्च यांच्यासारखे थोर चिकित्सक तर मोठ्या झालेल्या हृदयासाठी महिनोन्‌महिने बिछाना सुचवीत.

ही कोंडी खऱ्या अर्थाने फुटली ती १९९० साली. ऑक्सफर्ड येथे डॉ. अँड्र्यू कोट्स, डॉ. पीटर स्लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ रुग्णांना घरी सायकलीचा व्यायाम दिला आणि त्यांची कार्यशक्ती वाढते असे दाखवून दिले. दुर्बल हृदयाच्या माणसाची धाप केवळ हृदयामुळे नसते. अंग हलवेनासे झाल्यामुळे त्याचे स्नायूच झिजतात, आणि झिजलेले स्नायू धाप वाढवतात, असा विचार यातून पुढे आला. पडून राहण्याने रोग बरा होत नव्हता, रोगी मात्र खंगत होता.

अमळनेर ते लोणावळा

आता या कथेचा दुसरा प्रवाह पाहू. देवळ्याहून मालेगाव, धुळे करीत गेले की अमळनेर लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद जगन्नाथ गणेश गुणे यांच्याकडे होते. १८८३ साली जन्मलेल्या या संस्कृतच्या विद्वानाने आधी बडोद्याला प्रोफेसर माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत शरीरसाधना केली होती. पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदासजी महाराजांकडे त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. १९२३ साली महाविद्यालय बंद पडले. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, गुणे यांनी लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ ही संस्था स्थापन केली. स्वामी कुवलयानंद हे त्यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले.

कुवलयानंदांचे वेगळेपण त्यांच्या प्रश्नात होते. योगक्रियांनी शरीरात नेमके काय घडते? श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून हे मोजता येईल का? त्यांनी क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली, शरीरांतर्गत दाब मोजले, रक्तदाबाच्या नोंदी केल्या, आणि हे सारे ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात छापले. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो, असा समज तेव्हा रूढ होता आणि आजही ऐकू येतो. स्वामींनी तो तसाच स्वीकारला नाही, त्याची परीक्षा केली. स्वतःच्या परंपरेविषयी प्रेम बाळगूनही तिला प्रयोगशाळेच्या दारात उभे करण्याचे हे धैर्य दुर्मीळ होते. १९२७ साली महात्मा गांधींचा रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांनीही कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता.

लोणावळ्याच्या या प्रयोगशाळेकडे परदेशाचेही लक्ष गेले. अमेरिकेतील येल विद्यापीठात संशोधन करणारे केरळचे कोवूर बेहानन १९३१-३२ च्या सुमारास कुवलयानंदांकडे शिकले. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि १९३७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. उज्जायी प्राणायाम करताना प्राणवायूचा वापर सुमारे साडेचोवीस टक्क्यांनी, भस्त्रिकेत साडेअठरा टक्क्यांनी आणि कपालभातीत बारा टक्क्यांनी वाढतो, असे त्यांच्या मोजमापात आढळले. १९३५ साली फ्रेंच हृदयतज्ज्ञ डॉ. तेरेझ ब्रॉस याही हृदयालेखाचे यंत्र घेऊन भारतात आल्या आणि त्यांनी योग्यांची तपासणी केली.

बेहाननांच्या आकड्यांत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. श्वास घेणे हेदेखील श्रमाचे काम आहे. त्याला इंधन लागते. निरोगी माणसाच्या शांत श्वसनाला शरीराच्या एकूण प्राणवायूपैकी जेमतेम दोन-तीन टक्के पुरतात. म्हणून ते श्रम आपल्या ध्यानात येत नाहीत. हृदय दुबळे झाले, फुप्फुसे जड झाली की हाच खर्च वाढतो आणि दारिद्र्यात कर्जाची भर पडावी तशी रुग्णाची गत होते.

परळचे धडे

तिसरे पान मुंबईचे. त्या शहरात पोलिओची साथ पसरली, तेव्हा लुळी पडलेली मुले आणि श्वासाचे स्नायू गमावलेले रुग्ण यांच्या शुश्रूषेसाठी प्रशिक्षित माणसे हवी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५२ साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण देणारी भारतातील पहिली शाळा सुरू झाली. स्नायू गेला तर तो पुन्हा शिकवता येतो, आणि शिकवणाऱ्याला शास्त्र यावे लागते, हा विचार या शाळेमुळे आपल्याकडे रुजला. आज गावोगावी दिसणारे फिजिओथेरपिस्ट हे त्या परंपरेचे वारस होत.

त्याच रुग्णालयात डॉ. के. के. दाते हे हृदयतज्ज्ञ काम करीत. कैवल्यधामचे डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन आणि पोटाने घेतलेला संथ, लयबद्ध श्वास शिकवला, आणि १९६९ साली त्याचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींच्या औषधांची मात्रा कमी करता आली. हे रुग्ण रक्तदाबाचे होते, हृदयदौर्बल्याचे नव्हते. परंतु लोणावळ्याचा आश्रम आणि परळचे इस्पितळ यांनी हातात हात घालून काम केल्याचे ते एक उजळ उदाहरण आहे.

स्नायूला वजन

तोपर्यंत श्वासाच्या व्यायामाचा भर लय आणि विश्रांती यांवर होता. दंडाला मुद्गल द्यावे तसे श्वासाच्या स्नायूला वजन देता येईल का, हा प्रश्न १९७६ साली अमेरिकेतील लीथ आणि ब्रॅडली या संशोधकांनी विचारला. त्यांनी काही निरोगी व्यक्तींकडून पाच आठवडे श्वासाचे व्यायाम करवून घेतले. ज्यांना शक्तीचे व्यायाम दिले होते, त्यांच्या श्वसनस्नायूंचे बळ सुमारे ५५ टक्क्यांनी वाढले. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखे ताणलेले श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू हे इतर स्नायूंसारखेच तालमीने कमावता येतात, हे सिद्ध झाले.

हृदयदौर्बल्याच्या रुग्णांत हे स्नायू दुबळे असतात, असेही पुढे आढळून आले. १९९५ साली डॉ. डॉना मॅन्सिनी आणि सहकाऱ्यांनी अशा १४ रुग्णांना श्वसनस्नायूंची तालीम देण्यास आरंभ केला. आठ जणांनी तीन महिन्यांचा क्रम पुरा केला आणि त्यांची चालण्याची क्षमता वाढली. सर्वांत स्पष्ट पुरावा आला तो ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरातून, २००६ साली. तेथे श्वसनस्नायू दुबळे असलेले ३२ रुग्ण निवडले गेले. सर्वांना सारखेच यंत्र दिले: तोंडात धरण्याची नळी आणि तिच्यात स्प्रिंगवर बसवलेली झडप. ठरावीक जोर लावल्याखेरीज झडप उघडत नाही. निम्म्या रुग्णांच्या यंत्राला त्यांच्या कमाल शक्तीच्या ३० टक्के इतका अडथळा होता, उरलेल्यांच्या यंत्राला काहीच नव्हता. रोज अर्धा तास, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. तालीम घेतलेल्या गटाचा श्वास ओढण्याचा जोर ११५ टक्क्यांनी वाढला, म्हणजे दुपटीहून अधिक झाला. सहा मिनिटांत चालून जाण्याचे अंतर १९ टक्क्यांनी वाढले.

हे कसे घडते? श्वासाचे स्नायू थकले की ते मज्जासंस्थेला हाक देतात. शरीर मग हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळते आणि रक्त श्वासाच्या स्नायूंकडे वळवते, कारण श्वास थांबला तर सर्वच संपले. पाय मात्र उपाशी राहतात. म्हणून म्हातारा माणूस म्हणतो, ‘धाप लागते आणि पायात गोळे येतात.’ पाटाचे पाणी वरच्या शेतानेच ओढून घेतले तर खालच्या शेताला काय उरणार? देवळ्याच्या शेतकऱ्याला हे अधिक सांगायला नको. श्वासाचे स्नायू बळकट झाले की त्यांची ही ओढ कमी होते आणि पायांच्या वाट्याचे रक्त पायांना मिळते. २००८ साली ब्राझीलच्याच संशोधकांनी हा फरक मोजून दाखवला.

जपमाळेची लय

आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याचे वाटेल असे एक पान अद्याप उरले आहे. इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे डॉ. लुचानो बर्नार्डी यांनी १९९८ साली असे दाखवले की, हृदयदौर्बल्याच्या रुग्णांनी मिनिटाला सहा असा संथ श्वास घेतला, तर त्यांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सुधारते. ही पद्धत त्यांनी योगातील पूर्ण श्वसनावरून घेतली होती. २००२ साली ८१ रुग्णांवर त्यांनी दाखवून दिले की या लयीत रक्तदाब सावरणारी शरीराची स्वयंचलित यंत्रणा अधिक तत्पर होते.

या दोन शोधांच्या मध्ये, डिसेंबर २००१ मध्ये, बर्नार्डी आणि ऑक्सफर्डचे तेच डॉ. स्लाइट यांचा एक निबंध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांनी २३ निरोगी व्यक्तींना जपमाळेतील ‘नमो मरिया’ ही प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावली, आणि तसाच एक तिबेटी बौद्ध मंत्रही. प्रार्थनेचा पूर्वार्ध एकाने आणि उत्तरार्ध इतरांनी म्हणायचा, ही आपल्या कुटुंबातील संध्याकाळच्या जपमाळेची रीत. त्या रीतीत एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचे होते; म्हणजे मिनिटाला सहा श्वास. मंत्रानेही तेच घडले. दोन्हींमुळे हृदय आणि रक्तदाब यांच्या लयी एकमेकींशी जुळल्या. जपमाळ युरोपात पोहोचली ती पौर्वात्य परंपरांतून अरबांच्या आणि धर्मयोद्ध्यांच्या मार्फत, असा तर्कही लेखकांनी नोंदवला आहे.

यावरून घाईने निष्कर्ष काढू नयेत. त्या २३ जणांना हृदयाचा विकार नव्हता, आणि प्रयोग लॅटिन शब्दांचा होता. आपल्या मराठी प्रार्थनेचे आवर्तन किती सेकंदांत पुरे होते, ते घड्याळ लावून पाहावे लागेल. शिवाय आपल्या आजीने माळ ओढली ती रक्तदाबासाठी नव्हे. ती मुलांसाठी, पिकासाठी आणि गेलेल्यांसाठी मागणे मागत होती. प्रार्थनेला औषधाच्या बाटलीत भरणे योग्य नाही. मात्र ज्या लयीने तिचे मन शांत होत असे, त्या लयीत तिचे शरीरही विसावत होते, एवढे कृतज्ञतेने म्हणता येईल. आणि संथ श्वास ही कोणा एका धर्माची मिरास नाही, हेही या निबंधाने शांतपणे सांगितले आहे. श्वासाच्या व्यायामाला उगाच बिचकणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावे.

हिशेब आणि मर्यादा

इतिहासकाराने जमेबरोबर खर्चही मांडला पाहिजे. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग थोड्या रुग्णांवरचे आहेत. भारतातील २४ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची मोठी चाचणी झाली. तिचा अहवाल २०२० साली आला. रुग्णांना बरे वाटण्याचे आणि पूर्वीच्या कामावर परतण्याचे प्रमाण सुधारले. परंतु मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके निश्चितपणे कमी झाले असे सिद्ध झाले नाही. २०२१ साली अमेरिकेत साठीपुढच्या ३४९ रुग्णांना बळ, तोल, चालणे आणि दम यांचे व्यायाम दिले गेले. त्यांची हालचाल स्पष्टपणे सुधारली, पण पुन्हा इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. म्हणजे या तालमीने आयुष्य लांबते असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. जे आयुष्य आहे त्यात अंगणापर्यंत चालत जाता येते, हे मात्र खरे. म्हाताऱ्या माणसाच्या लेखी हे लहान नाही.

युरोपच्या तज्ज्ञांनी २०११ साली आणि अमेरिकेच्या भौतिकोपचार संघटनेने २०२० साली या तालमीची शिफारस केली. आपल्याकडे ती खेड्यांपर्यंत क्वचितच पोहोचली आहे. नाशिकला १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट तयार होऊ लागले. तरी हृदयाच्या रुग्णाला त्यांच्याकडे पाठवण्याची रीत अजून रुळायची आहे. ‘फिजिओथेरपी म्हणजे गुडघ्याची,’ अशीच आपली समजूत असते. वस्तुतः सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला तीस मीटरची सपाट ओसरी, एक खुर्ची आणि एक घड्याळ पुरते. हे देवळ्यातही आहे.

कुटुंबांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ही तालीम औषधाच्या जोडीला असते, औषधाच्या जागी नाही. प्रकृती स्थिर असतानाच आणि डॉक्टरांना विचारूनच ती सुरू करावी. शस्त्रक्रियेनंतर मिळणारे तीन रंगीत चेंडूंचे यंत्र फुप्फुसे फुलवण्यासाठी असते. स्नायूला वजन देणारे झडपेचे यंत्र त्याहून निराळे, त्याचा अडथळा तज्ज्ञाने मोजून ठरवायचा असतो. दुर्बल हृदयाच्या माणसाने श्वास कोंडून धरू नये आणि भस्त्रिका-कपालभातीसारख्या जोरकस क्रिया आपल्या मनाने करू नयेत. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले, सूज चढली किंवा निजल्यावर गुदमरू लागले, तर व्यायाम थांबवून दवाखाना गाठावा.

गुणे मास्तरांनी अमळनेर सोडले त्याला शतक उलटून गेले. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: श्वासाने नेमके काय होते? त्याचे एक उत्तर आज असे देता येते की, थकलेल्या माणसाचा श्वासही पुन्हा शिकवता येतो. तेव्हा पायरीवर थांबलेल्या आजोबांना ‘पडून राहा’ म्हणण्याआधी सुनेने डॉक्टरांना एवढेच विचारावे, ‘यांना कोणता व्यायाम चालेल?’ माया तीच राहील. तिला फक्त योग्य वाट मिळेल.